पाचवी पाकळी

राजारामपुरीत पाचव्या गल्लीला, जिन्याखाली
माझं फॉल-पिकोचं मशीन.
पदर काय, कुणीही बघतं.
मी साडीची खालची बाजू बघते,
जिथं चिखल लागतो, जोडव्यात धागा अडकतो.

काल नागाळा पार्कातनं माणगावे वहिनी आल्या,
बाहेर गाडी चालूच ठेवून.
खोक्यातनं कागद, कागदातनं मलमलची पिशवी,
पिशवीतनं ऑर्गंझा,
हस्तिदंती अंगावर फिकट गुलाब.
बेचाळीस हजार, म्हणाल्या, मुंबईहून मागवलीय,
सांभाळून हं, क्लासिक आहे.
मी हात पुसले. परत पुसले.

हा गुलाब माझ्या ओळखीचा.

सुईच्या डब्याला आतनं चिकटवलीय एक चिंधी,
सीपीआरच्या सिस्टर मार्था सातपुत्यांच्या व्हॉईलची.
अठ्ठ्याऐंशी साल, त्यांचा पहिला पगार,
लक्ष्मीपुरीत घासाघीस करून एकशेदहाला घेतलेली,
इचलकरंजीचा माल.
ब्लाऊजपीस कापताना उरली ती मी ठेवून घेतली,
तेव्हा मी या धंद्यात नवी होते.
रात्रपाळी सुटली की पांढरं उतरवून
सिस्टर हीच नेसायच्या,
बिंदू चौकातनं चालत निघाल्या
की भाजीवालीचा हात तराजूतच राहायचा.

चिंधी साडीशेजारी धरली.
फूल तेच. देठाचा बाकही तोच.
आणि चार पाकळ्या धड,
पाचवी अर्धी.

तेव्हा छापखान्यात जाळी बुजली असणार,
मालक म्हणाला असणार,
चालतंय की, पाकळ्या कोण मोजतंय.
आणि आता कुणीतरी मोठ्या टेबलावर वाकून
ती चूक जशीच्या तशी उतरवलीय,
वर कडेनं सोनेरी रेघ मारलीय.

सांगावं म्हटलं वहिनींना.
तर त्या आरशापुढं, साडी खांद्यावर टाकून,
मान जराशी वाकडी,
एक पाय पुढं.
सिस्टर अश्शाच उभ्या राहायच्या.
बाहेर गाडी घरघरत होती,
त्यांना ऐकूच येत नव्हती.

पिको धरून एकशेचाळीस होतील, एवढंच म्हटलं.

रात्री दिव्याखाली हातानंच टाके घातले,
ऑर्गंझा मशीनला ऐकत नाही.
काठाजवळ ते अर्धं फूल आलं
तिथं सुई थांबली,
आणि पाकळी जिथवर असायला हवी होती
तेवढी जागा सोडून
बाहेरनं वळवून नेली.