गाडीतली वीस मिनिटं

सप्टेंबरचा दुसरा शनिवार.
मेंढ्या डोंगर उतरतात,
आधी दरीचं तोंड पांढरं होतं, मग आवाज येतो,
आणि एय्विंदुर खिशातून मेणाच्या गोळ्या काढतो,
बोटांत मळून कानात बसवतो,
टोपी भुवयांपर्यंत ओढतो.
"वीस मिनिटं," म्हणतो. "मग गाडी."
मी किल्ली दाखवते. एवढाच आमचा करार.

लहानपणी करार नव्हता.
लहानपणी होता आईनं विणलेला स्वेटर,
आमच्याच मेंढ्यांच्या लोकरीचा,
गळ्याभोवतीच्या नक्षीनं तिचा अख्खा हिवाळा खाल्लेला.
तो अंगात घातला की हा जमिनीवर लोळे,
जणू आत कुणी सुया पेरल्यात.
आई म्हणे, सगळ्या बेटावरची पोरं हेच घालतात.
बाबा म्हणत, लाड.
मी काही म्हणत नसे, नुसती हसत असे,
तेही त्याला ऐकू येई.

स्वयंपाकघरातला दिवा ओरडतो, म्हणायचा.
दिवा कसा ओरडेल रे?
आम्ही तिघं माना वर करून बघायचो.
आम्हाला नुसता उजेड दिसायचा.

शाळेची घंटा, डब्यातल्या माशाचा वास,
खडूची पूड, सतरा मुलांचे ओले बूट,
यातलं काहीच एकेकटं येत नसे त्याच्याकडे.
आपल्या दाराशी कुणीतरी बसलेलं असतं,
म्हणतं, तू ये, तू थांब, तू उद्या बघू.
त्याच्या दाराशी कुणीच नाही.
दुपारपर्यंत आत पाय ठेवायला जागा उरत नसे,
आणि नेमकं तेव्हा बाई विचारत,
एय्विंदुर, उत्तर का देत नाहीस?

कुठून देणार.
त्या गर्दीत तोच सापडत नव्हता त्याला.

एका रात्री आईनं, कुणाशी न बोलता,
स्वेटर उलटा केला, शिवणी बाहेर,
आतून जुन्या चादरीचं अस्तर लावलं,
धुऊन धुऊन विरलेल्या.
तो घालून तो शाळेत गेला. मुलं हसली.
हसण्याचा त्रास होतो, मला खूप नंतर म्हणाला,
पण टोचण्यापेक्षा कमी.

आता त्रेचाळीसचा आहे.
आकुरेय्रीत पुस्तकांची बांधणी करतो,
तळघरात, पिवळ्या दिव्याखाली, दार लावून.
दुकानात सकाळी उघडल्या उघडल्या जातो,
फ्रीजची घरघर आणि तो, दोघंच असतात तेव्हा.
लग्नाला जातो, केक कापायच्या आधी निघतो.
कारणं देत नाही. "भरलं," म्हणतो,
जसं आपण ताटावरून उठताना म्हणतो.

लोकांना मात्र गोष्ट हवी असते:
हजार मेंढ्यांच्या कलकलाटात त्यानंच कसं
हरवलेलं कोकरू ऐकलं.
ऐकलं होतं, एकदा. शेजाऱ्यांचं निघालं.
त्या संध्याकाळी तो दोन तास न्हाणीघरात बसून होता,
दिवा न लावता, ओला टॉवेल डोक्यावर,
हे कुणी सांगत नाही.

कुंपणाशी गलका शिगेला पोचलाय.
म्हातारा होस्कुल्दुर बेसूर गातोय,
कुत्री, पोरं, शेण, कॉफी, ओल्या लोकरीचा दर्प,
कुणाचा तरी भडक नारिंगी रेनकोट.
एय्विंदुर खांबाला तळवा टेकून उभा आहे.
गार लोखंड. धरायला तेवढी एकच गोष्ट.
मग तळवा सुटतो.
अठरावं मिनिट.

मी काही विचारत नाही,
पुढे होते, माणसं बाजूला सारत.

दारं बंद. काचा वर. इंजिन बंद.
तो डोळे मिटतो. मी डोंगराकडे बघत राहते,
आणि सेहेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदाच,
मला ऐकू येतं:
टिक. टिक. टिक.
माझ्याच मनगटावर.

दर सप्टेंबरला हे इथेच होतं.
तो कधी बोलला नाही.

घड्याळ काढते, हातमोज्यात गुंडाळते,
समोरच्या कप्प्यात ठेवून कप्पा हळू लावते.

त्याचे डोळे मिटलेलेच.
खांदा तेवढा बोटभर खाली येतो.