उरलेलं अर्धं पान

ऑक्टोबरच्या अंकाची सगळी पानं लागली,
चौथं तेवढं अर्धं रिकामं राहिलं.
प्रेसवाला जैन फोनवर म्हणतो,
ताई, एखादं फूल टाकून देऊ?
मागच्या खेपेला कमळ होतं, त्याआधी हंस.
मी म्हटलं, उद्या सकाळपर्यंत थांबा.

आमच्या शिक्षण महाविद्यालयाचं वार्तापत्र
हिंदीत निघतं. मी ते मराठीत जुळवते,
बावीस वर्षं, ऑफिसातल्या खिडकीजवळच्या टेबलावर,
नि मग 'हर्ष का विषय है' पासून सुरुवात करते.

पान एक : प्राचार्यांचं मनोगत.
त्यांनी ते अजून वाचलेलं नाही.
पान दोन : भोपाळहून आलेले पाहुणे, शाल, श्रीफळ.
फोटोत सगळ्यांचे डोळे मिटलेले.
एकच फोटो बरा आलाय, त्यात पाहुणे नाहीत.
पान तीन : सराव पाठांना प्रारंभ,
एकशे चार छात्राध्यापक, अकरा शाळा.

गेंदालाल एकतीस तारखेला निवृत्त झाला
हे छापलं. सत्काराला तो आलाच नाही
हे नाही छापलं. आणि दुसऱ्या दिवशी
दहा चाळीसची घंटा दहा चाळीसलाच झाली,
नव्या शिपायाच्या हातात तर अजून
घंटेच्या खोलीची किल्लीही नव्हती,
हे कुठल्या सदरात घालायचं?

ललिता डावर झाबुआकडची.
बाळ घेऊनच येते, दुसरं कोण आहे तिला इंदुरात.
पाठाच्या वेळी निरीक्षक रेगेबाईंनी
मूल मांडीवर घेतलं, उजव्या हातानं गुण मांडले.
गुणांच्या रकान्यात लाळेचा थेंब पडला.
आता तो सात आहे की एक, कुणालाच लागत नाही.
विद्यापीठात तसाच गेला.

आणि फिरदौस मंसूरी.
मल्हारगंजची शाळा, पाचवी ब, भागाकार.
मुरमुऱ्याचे सतरा लाडू तिनं घरून आणले,
सिटी बसमध्ये डबा मांडीवर धरून, एकही न फुटू देता.
चार मुलं पुढे बोलावली. चार चार चार चार.
फळ्यावर लिहिलं, शेष एक.
तर तिसऱ्या बाकावरची मुलगी हात वर न करताच :
मॅडम, जो बचा, वो किसका?

टाचणात हेतू होते, साहित्य होतं,
अपेक्षित प्रश्न, अपेक्षित उत्तरं, डावीकडे समास आखलेला.
हा प्रश्न नव्हता.
फिरदौस गप्प. मागच्या बाकावर
निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं, चाळीस सेकंद,
आणि लिहिलं : वर्गनियंत्रण शिथिल. विराम अनावश्यक.

बोनाफाइड घ्यायला आली तेव्हा तिनंच सांगितलं,
शिक्का वाळेपर्यंत, इकडे-तिकडे बघत.
मी विचारलं, मग त्या लाडवाचं काय झालं?
म्हणाली, टेबलावरच होता पूर्ण तास.
मी पुढे लसावि शिकवला. कुणी ऐकलं नाही.
अडतीस मुलं त्याच्याकडे बघत होती,
मीसुद्धा.

रात्री जेवणं झाल्यावर मी ते अर्धं पान काढून बसले.
सुविचार टाकता आला असता.
ग्रंथालयाची नवी वेळ, ओळखपत्राची सूचना,
तीही टाकता आली असती, ती तशी दरवेळी असतेच.
मधोमध एकच ओळ लिहिली, हिंदीतच, तिच्या बोलीत :
जो बचा, वो किसका?
खाली, कक्षा पाँच (ब).
मुलीचं नाव फिरदौसला आठवत नव्हतं.

सकाळी जैनचा फोन. ताई, हे काय, जाहिरात का?
म्हटलं, बातमी आहे.
उत्तर पुढच्या अंकात येणार?
पुढचा अंक जानेवारीत, म्हटलं, बघू.
आणि खाली अजून चार ओळींची जागा उरलीय बरं.

राहू द्या.