दीड तास

वादी कबीरच्या मागच्या गल्लीत, टायरवाल्याच्या पलीकडे
आमचं शटर. ऑगस्ट. पंखा आहे,
तो गरम हवा या कोपऱ्यातून उचलून
त्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो, एवढंच.

खलफानची बेचाळीस वर्षांची डिझेल मर्सिडीज.
रंग वाळूचा. पूर्वी पिवळा होता म्हणतो.
तिच्या मीटरचा डबा काढण्यात सकाळ गेली.
सायकलचे दोन स्पोक वाकवून आकड्या केल्या,
कडेच्या रबरात सरकवल्या, चाचपत,
गावी खाडीत बिळातली कुर्ली काढायचो तसा.
कुर्ली निदान रागाने आकडी धरते.
हा डबा काही धरत नाही. सोडतही नाही.

आला तेव्हा एकदम मांडीवर आला,
पाठोपाठ लोबानचा वास.
राखदाणीत जाळायचे त्याचे वडील;
तो सगळा धूर काचेमागे जाऊन बसलेला.

दुरुस्ती सोपी. तीन बल्ब, एक सुकलेला सांधा,
घड्याळाचा कंडेन्सर. तासाभरात टिकटिक.

परत बसवणं म्हणजे नाकदुऱ्या.
मागे वेगाची केबल, ताठ, शिष्ट म्हातारी,
जिथून आली तिथे परत जायला कबूल नाही.
शेजारी तेलाची नळी, काडीएवढी बारीक.
तिच्यातून खरं तेल येतं, इंजिनातून थेट सुईपर्यंत;
मोडली तर खलफानच्या पांढऱ्या दिशदाशावर काळा अभिषेक.
तिला जोर चालत नाही.
केबलला जोराशिवाय काही चालत नाही.
आणि दोघी एकाच भोकातून.

पहिल्यांदा डावी बाजू बसली, उजवी बाहेर.
दुसऱ्यांदा उजवी बसली.
तिसऱ्यांदा दोन्ही बसल्या आणि आतल्या आत
खट्ट, केबल निसटली.
चौथ्यांदाचं सांगत नाही.

गुलजमीन डेंटर बघून गेला. म्हणाला, हातोडा देऊ?
रुबेल, सिल्हेटचा पोरगा, काही बोलला नाही.
बॉनेट उघडून खांद्यापर्यंत हात घातला
आणि केबल तिकडून हळूच आपल्याकडे ओढत राहिला.
मी इकडून डबा लोटत.
आस्ते, आस्ते. कोण कोणाला म्हणत होतं कळेना.
रबराला साबणाचं पाणी, मनगटावर ओरखडे,
आणि गेला.
कसलाही आवाज न करता.
म्हणजे इतका वेळचा सगळा आवाज आमचाच होता.

चावी फिरवली. तेलाची सुई उठून वर टेकली.
तापमान सावकाश.
डिझेल पाव टाकी; ती सुई खोटं बोलते, खलफानला माहीत आहे.
घड्याळ, पावणेसहा.

बाहेर असर होऊन जेमतेम अर्धा तास झालेला.
मनगटावर पाहिलं. सव्वाचार.

तेव्हा कळलं. टेबलावर काटे लावताना
मी मनातली वेळ लावली होती.
एकवीस वर्षं फोन उचलण्याआधी दीड तास मिळवतोय,
शाळा सुटली असेल, भाकऱ्या झाल्या असतील,
आता निजली असेल, नको.
इतका मिळवतो, की मिळवतोय हेच कळत नाही.
आणि या घड्याळाचं पुढचं बटण तुटलेलं.
काटे फिरवायचे ते मागूनच.

रुबेलने माझ्याकडे पाहिलं, मग आकड्यांकडे.
त्याचं घर माझ्या घराच्याही अर्धा तास पुढे.

खलफान आला, बसला, स्टिअरिंगवरून तळवा फिरवला.
"मुकादम, हा कुठला टाइम?"
म्हटलं, संगमेश्वर.
त्याने ते नाव दोनदा तोंडात घोळवलं,
जोडाक्षराला अडखळला.
"खल्ली," म्हणाला. राहू दे.
"तसाही मला सगळीकडे उशीर होतो."

पैसे मोजले. आकड्या खिळ्याला टांगल्या नाहीत,
टेबलावरच ठेवल्या.
मला गिऱ्हाइकं माहीत आहेत.
शुक्रवारी तो जुम्याला दीड तास आधी पोचेल,
चपलांच्या रिकाम्या फळीसमोर एकटा उभा राहील,
आणि शनिवारी
आमचं शटर उघडायच्या दीड तास आधी
बाहेर हॉर्न.