पत्र्याखालचं इंजिन

सळयांच्या मिलमध्ये बत्तीस वर्षं रोल कापले मी,
एकेक रोल म्हशीएवढा, बिडाचा.
(शेजारचा जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड.
हा विनोद जालन्यातला प्रत्येक टर्नर
नव्या हेल्परला पहिल्या दिवशी ऐकवतो.)

आता घरामागं साडेतीन फुटी लेथ आहे,
भंगारातून आणलेला, चक जरा डुलतो.
दुपारी मी इंजिनं करतो,
कुठल्याच गाडीत न बसणारी.

एक होतं जाळ गिळणारं.
स्पिरिटच्या दिव्यापाशी तोंड उघडायचं,
ज्योत आत ओढायचं, झाकण मिटायचं,
आणि पोटातली आग गार होता होता
पिस्टन मागं खेचायचं. टुक्. टुक्.
भिंतीवर पाल चुकचुकावी तसं.
गौसोद्दीन बघून म्हणाला,
भर दिवसा खातंय उस्ताद, ह्याला रोजा नाही वाटतं.

एक काचेच्या सिरिंजचं,
उकळून सुई टोचायचे त्या काळातली,
बोर्डे डॉक्टरांनी कपाट आवरताना दिलेली.
इतकं नितळ बोअर मला कधी जमलं नाही.
हे कबूल करायला मला ती सिरिंज लागली.

बाभळीच्या लाकडाचंही केलं, वाफेवरचं.
दुसऱ्या दिवशी सिलिंडर फुगून बसला.
द्वारकानं बंबात घातलं ते.
आंघोळीचं पाणी मात्र चांगलं तापलं.

ती विचारते, ह्यानं टाकीत पाणी चढंल का?
नाही चढणार.
मग काहून करता?
इथं माझं टूल दरवेळी बोथट होतं.

मग हे पत्र्याचं.
ॲल्युमिनियमच्या दोन थाळ्या, मध्ये थर्माकोलची चकती,
वरची थाळी छताच्या पत्र्याला घट्ट,
खालचीला ओलं पोतं.
फ्लायव्हील पितळेचं, अर्धा सूत जाड,
त्यावर तांबड्या रंगानं बाण काढला: असं फिरेल.
मे महिन्यात लाइट गेली, पंखे थांबले,
शेजारी पुठ्ठ्यानं वारा घेत बसले,
आणि ज्या उन्हानं आमचा जीव नकोसा झाला
त्याच उन्हावर हे झपाट्यानं फिरायला लागलं.
मी घामानं निथळत हसत होतो.
द्वारका म्हणाली, डोक्यात ऊन गेलं ह्यांच्या.

पावसाळ्यात ते थांबलं. मी विसरलो.
परवा, पौषातल्या पहाटे,
बाहेर आभाळ लख्ख, पत्रा बर्फासारखा,
ती शेगडी पेटवून बसली होती खाली.
कोळिष्टकं काढता काढता तिचा हात लागला चाकाला,
तिला काय माहीत बाण कुठं बघतोय.
अहो, उठा. हे उलटं फिरतंय.

पांघरूण घेऊन आलो.
खरंच. सावकाश, पण न अडखळता,
गरम खाली, गार वर, आणि चाक बाणाच्या विरुद्ध.
सिद्धांतात असं होतंच, मला ठाऊक होतं,
पण पहाटे उठून बघायचं सुचलं नव्हतं.
म्हणाली, बिघडलं का माझ्या हातानं?
म्हटलं, नाही. थांब, तसंच राहू दे.

चहा होईपर्यंत दोघं बघत बसलो.
ऊन पत्र्यावर आलं, चाक मंदावलं, थांबलं.
मग मी तांबडा डबा शोधला, रंग वाळला होता,
रॉकेलचे दोन थेंब टाकून ढवळला,
आणि बाणाच्या शेपटीला
दुसरं टोक काढलं.