बोडीच्या पाळीवर सहा रेणू

आठवीच्या पटावर सहाच जणी.
त्यांना म्हटलं, चला, आज तुम्ही पाणी व्हा.
धड म्हणजे ऑक्सिजन, हात दोन हायड्रोजन,
फाकवा थोडे. एवढे नाही, दिलेश्वरी,
तू काय सारस आहेस उडायला?

हात शेजारणीच्या पाठीवर ठेवायचा.
पाणी असंच उभं असतं, एकमेकांना धरून
अन् घडीघडीला सोडून.
लाखोळीच्या बांध्यांवरून वारा येत होता,
ट्विंकलची रिबन सुटलेली.

तेवढ्यात भट्टीवरची सुकवारो पुढे आली.
कोपरापर्यंत वाळलेला चिखल,
दाखला राजनांदगावकडच्या कुठल्याशा शाळेत राहिलेला.
"अउ मैं?" म्हणाली.

धड्यात तिच्यासाठी काही नव्हतं.
माझ्या ट्रंकेत होतं. नागपूरला
अर्ध्यात सोडलेला प्रबंध, वाळवीने कडा खाल्लेला:
पाण्याचा पुंजका आणि एक जास्तीचा इलेक्ट्रॉन.
म्हटलं, तू इलेक्ट्रॉन.

आधी एकट्या ट्विंकलजवळ उभी केली. टिकेना.
एका रेणूचं घर आधीच भरलेलं असतं.
दोघी झाल्या तेव्हा टिकली, पण कशी,
हाक पोचेल न पोचेल इतक्या लांब,
सावलीच्या कडेला, एक पाय उन्हात.

मग सहाही जणी आल्या.
आता कुणीतरी वळावं लागतं, मी सांगत होतो,
तोवर दिलेश्वरी वळलीच.
दोन्ही हात सगळ्यांतून सोडवून
सुकवारोपुढे धरले, रिकामे.
मागून दोघींनी तिची पाठ धरून ठेवली,
नाहीतर तोल गेला असता पाळीवरून.
हेच. अगदी हेच.
आकड्यांत हे पाहायला माझी तीन वर्षं गेली होती.

किती घट्ट धरलंय ते मोजायचं तर
उजेडाचा धक्का देऊन पाहतात.
इथे ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला
आणि ती निघाली, विटांच्या थप्पीवर चढून बसली,
मागे न बघता.
बाकीच्यांनी हात जागच्या जागी नेले.
दिलेश्वरीचे तसेच राहिले जरा वेळ,
जसे राहतात, मी म्हणणार होतो, पण
पाण्याला एवढा वेळ लागत नाही.

मोठ्या पाण्यात तो आत जातो म्हणे,
पोकळी होते, चहूकडून हात वळतात.
हे सांगायचं राहून गेलं.
सहा जणींत कुठलं आत नि कुठलं बाहेर.

मार्चमध्ये भट्टी विझली, झोपड्यांच्या जागी
काळे चौकोन उरले.
पेपरात प्रश्न होता: पाण्याच्या रेणूची आकृती काढा.
दिलेश्वरीने काढली, कोन जरा मोठाच,
आणि दोन हातांच्या पुढ्यात, कुणी न विचारलेला,
पेन्सिलचा एक ठिपका.
गिरवून गिरवून तिथे कागद विरला होता.
मी दोनपैकी दोन दिले.
ठिपक्यासाठी रकाना नव्हता.