मोजणी

शुक्रवारी रात्री ऑफिसातूनच निघालो.
मागच्या सीटवर दोन लेकरं, मध्ये उशी,
उशीवरून भांडण, भांडणातच झोप.
इंदापूरच्या पुढं निमिष पहिल्यांदा ओकला.
शाल्मलीनं खिडकी खाली केली आणि विचारलं,
आपण त्यांचे नक्की कोण लागतो?

तिच्याकडं शंभर पानी वही आहे.
तिच्यात ती नाती लिहिते :
चुलत कोण, चुलतचुलत कोण,
आणि संगमेशदादा, जो ग्रुपवर रोज
सूर्यफुलावर सुप्रभात टाकतो,
तो यातला कोण.

उदगीरच्या अलीकडं उजाडलं.
काळ्या रानावर गारठा बसलेला,
दोन्ही अंगांना ज्वारी, भरल्या कणसांची.
हे सगळं बिरादारांचं? निमिषनं विचारलं.
नाही रे, म्हणालो.
आपलं किती, हे मलाही सांगता आलं नसतं.

शेतात मंडप. फ्लेक्सवर पंचवीस चेहरे,
त्यात मी, लग्नातला, केसांसकट.
महानंदाकाकूनं शाल्मलीचे दंड चाचपले,
"किती वाळलीस गं माय,
पुण्यात खायला घालीनात का काय?"
दुपारपर्यंत वहीची सोळा पानं भरली.
गुंडूअण्णांनी स्वतःला दोनदा लिहून घेतलं,
एकदा बापाकडून, एकदा बायकोकडून.

रविवारी सकाळी आगटी पेटली.
गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं,
तळहातावर चोळायची, फुंकायची,
लेकरांच्या ओंजळीत ओतायची.
चटणी कुठाय, गूळ इकडं द्या,
आणि या गलक्यात
निमिष दिसेना.

ज्वारी त्याच्या दुप्पट उंच.
हाक मारली की ज्वारी ती गिळते.
मी आधी विहिरीकडं पळालो.
पाण्यावर चप्पल नव्हती.
पुन्हा वाकून पाहिलं.
नव्हती.

मग बांधापलीकडं धूर दिसला.
तिथंही आगटी. चार माणसं,
आणि पोत्यावर मांडी घालून आमचा निमिष,
ओंजळ पुढं, हनुवटीला कुसळं.
कणीस चोळत होते बसलिंगकाका.

मोजणी झाली तेव्हा मी नववीत होतो.
साखळी ओढली, दगड रोवला.
फूटभर रान इकडचं तिकडं गेलं,
की तिकडचं इकडं आलं, आता कुणाला आठवत नाही.
त्या सालापासून हे घर
आमच्या कुठल्याच पत्रिकेवर नाही.
ग्रुपवर तर नाहीच.

काका उठले नाहीत.
"तुझंच हाय व्हय? म्हणलं,
हे नाक तर आपल्यातलंच हाय."
मग कणसाकडं बघत, "बस की."
मी बसलो नाही.
उभ्यानंच ओंजळ केली.
उभ्यानं खाल्लेलं धरत नाहीत,
असं काहीतरी वाटलं असावं मला.

परतलो तर फोटोची घाई.
ड्रोनवाला पोरगा खोळंबलेला,
संगमेशदादा बोट नाचवत मोजत होता,
एकशे चार, एकशे पाच,
आले ना सगळे?
आले, आले.
हुरड्याचे आजोबा नाही आले,
निमिष म्हणाला, चांगलं मोठ्यानं.

ड्रोन वर गेला. सगळ्यांनी माना वर केल्या.
महानंदाकाकू तेवढ्या पदरानं चष्मा पुसत होत्या,
आधीच स्वच्छ असलेला.
एवढ्या वरून बांध दिसतो का,
मला त्या पोराला विचारायचं होतं.

रात्री, बार्शी मागं पडल्यावर,
शाल्मलीनं विचारलं,
त्यांना कोणत्या पानावर लिहू?
झोप आता, म्हणालो.
टेंभुर्णीच्या अलीकडं निमिष पुन्हा ओकला.
गाडी कडेला घेतली.
मोबाईलच्या उजेडात सीट पुसत होतो.
हुरडाच होता सगळा,
इकडचा, तिकडचा,
आणि शाल्मली एका हातानं नाक दाबून,
दुसऱ्या हातात वही उघडी धरून
अजून थांबलेली.