शेवटचा ट्

मी म्हणते, फिक्स्ट.
लीड्समध्ये ऐकू जातं, फिक्स.
म्हणजे अजून व्हायचंय. म्हणजे मी उद्यावर ढकलतेय.
ग्रॅहम विचारतो, कधीपर्यंत?
मी म्हणते, काल.
मग दोन्हीकडे जरा वेळ कुणीच बोलत नाही.

मुद्दाम नाही करत मी.
आमच्या भाषेत क्रियापदाला काळ चिकटत नाही.
वाक्याच्या टोकाला 'रोय' म्हटलं
की झालं, आटोपलं, हात धुतले.
आणि शब्दाच्या शेवटचा ट् आम्हीही म्हणतो की,
पण दातांमागे, दार हळूच लोटून घ्यावं तसा.
घरातल्यांना कळतो.
इंग्रजीला तो रस्त्यावर येऊन उभा राहिलेला हवा.

मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी साडेसहा,
दा नांगमध्ये, हान नदीच्या अलीकडे,
स्कूटर दुरुस्तीच्या दुकानावरची खोली.
बिऊ मास्तर पूर्वी बंदरावर बिनतारी यंत्र सांभाळायचे,
जहाजांशी बोलायचे.
अजूनही वाक्य संपलं की म्हणतात, ओव्हर.
आम्ही सात जण. चार टेस्टर, दोन बॅकएंडवाले,
आणि एक हिशेबनीस, जो चुकून आला आणि राहिला.
प्रत्येकाच्या ओठांसमोर वहीच्या कागदाची पट्टी.
ट् म्हटला की ती हलली पाहिजे.
शिप्ट. चेक्ट. फिक्स्ट.
लिहायचा ड, बोलायचा ट्.
हा इंग्रजीचा खोटेपणा, मास्तर म्हणतात, तो पाठ करा.
पंख्याने हललेली पट्टी मोजत नाहीत,
म्हणून पंखा बंद करतात.
जुलैत.

घरी भांडी घासताना मी सराव करते.
आई मासे साफ करता करता विचारते,
कुणावर थुंकतेयस गं?

ग्रॅहम मला क्विन म्हणतो.
माझं नाव एका फुलाचं आहे,
जे मध्यरात्री उमलतं आणि उजाडायच्या आत मान टाकतं.
ते म्हणताना आवाज पायऱ्या उतरतो.
ग्रॅहमचा उतरत नाही,
तो सपाट जमिनीवरून चालत येतो.
मी कधी दुरुस्त केलं नाही.
त्याच्या ओठांसमोर कागद कोण धरणार?

सप्टेंबरातला सोमवार. आमचे दुपारचे तीन, त्यांचे सकाळचे नऊ.
अकराशे चाळीस गिऱ्हाइकांचे पैसे दोनदा कापले गेले होते.
थिएन, आमचा लीड, म्यूटवर.
त्याच्या नावाशेजारी छोटा माइक, त्यावर लाल रेघ.
ग्रॅहमने विचारलं,
हे टेस्टिंगमध्ये कुणाच्या नजरेतून सुटलं?

अशा वेळेसाठी एक वाक्य असतं,
कर्ता नसलेलं, पावसात छत्री धरावी तसं धरायचं.
'राहून गेलं.' 'निदर्शनास आलं नाही.'
मास्तरांनी तशी पाच लिहून दिली होती.
माझ्या कीबोर्डखालीच होता तो कागद.

मी म्हणाले, आय मिस्ट
आणि थांबले,
इट.

मॉनिटरवर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी हलली.
एसी चालू होता. मोजता येणार नाही.

कुणी ओरडलं नाही. ग्रॅहम म्हणाला, ओके, पुढे सांग.
मी सांगितलं, कुठली अट तपासायची राहिली, का राहिली,
चाळीस मिनिटं, भूतकाळात.
शेवटी थिएनने म्यूट काढलं
आणि म्हणाला, वी विल फिक्स.
या वेळी ते बरोबर होतं.

मंगळवारी मास्तरांना सगळं सांगितलं.
वाटलं, खूश होतील.
ते चष्मा पुसत राहिले.
मग म्हणाले, मिस्टचा ट् समजला.
इटला पण एक असतो. तो पोचला?

माहीत नाही, म्हटलं.

ओव्हर, म्हणाले मास्तर,
आणि उठून पंखा बंद केला.